लिफ्टमधली पाटी

आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये पाटी होती, ‘घरकामाच्या बायकांनी जिना वापरावा.’ सेक्रेटरी झाल्यावर मी ती काढायचा ठराव सर्वसाधारण सभेत मांडला. छत्तीस मतं. बाजूनं पाच, त्यातलं एक माझं. ठराव पडला, इतिवृत्तात तशी नोंद झाली, चहा-बिस्किटं झाली आणि लोक लिफ्टनं घरी गेले.

मी मनानं औंधचा. भवानराव पंतप्रतिनिधींच्या औंधचा. यमाईच्या डोंगरावरचं त्यांचं संग्रहालय पाहायला गेलो की चित्रांपेक्षा मला त्या माणसाचंच नवल वाटत राहतं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारा, स्वतः चित्रं काढणारा हा राजा १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं घटना करतो आणि कारभार प्रजेच्या हाती देऊन मोकळा होतो. संस्थान केवढं? सत्तरएक गावं, तीही सलग नाहीत. औंध एकीकडे, आटपाडी-कुंडल दुसरीकडे, गुणदाळ तर पार विजापूरकडे. गावानं आपली पंचायत निवडायची आणि कारभार तिथून वर चढायचा. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांसाठी वसाहत उभारली, तिला तुरुंगाची भिंतच नव्हती. ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची मूळ प्रेरणा हीच. माणसावर विश्वास टाकला की तो विश्वासाला जागतो, एवढ्या भरवशावर हे सारं उभं होतं. १९४८ साली संस्थान विलीन झालं आणि प्रयोग तिथंच थांबला.

सभेच्या रात्री मला आठवलं ते मात्र कोल्हापूर.

शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले, तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, हुकूम निघाला : यापुढं रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना. कुणाला विचारलं नाही. विचारायचं तरी कुणाला? अर्ज लिहिणारे, वर्तमानपत्रं काढणारे, सभेत उठून बोलणारे, सगळे आधीपासून आत बसलेले. पुढं १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं, तेव्हाही मूल शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होता. हे प्रेम दंडासकट होतं. गंगाराम कांबळ्यांनी चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः तिथं थांबून चहा प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. त्या बरोबरच्यांचे चेहरे मला पाहायला आवडले असते.

राजा असावा तर औंधसारखा, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. सत्ता वापरणं सोपं, सोडणं अवघड, हे त्यामागचं माझं ठरलेलं वाक्य. आता ते तितक्या जोरात निघत नाही. मी मतदान घेतलं आणि स्वतःला भवानरावांचा वारस समजलो. पण मत असलेले छत्तीसजण जिना चढत नव्हते, आणि चढणाऱ्यांना मत नव्हतं. भवानरावांनी गावाचा कारभार गावाच्या हाती दिला होता. मी दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर मालकांचं मत मागितलं. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी साठीच्या पुढच्या आहेत आणि आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो.

सभेनंतरच्या शनिवारी रात्री साडेअकराला मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन लिफ्टमध्ये गेलो. वॉचमन बघत होता, बोलला काही नाही. दुसऱ्या दिवशी तक्रारीचे तीन अर्ज आले. मी उत्तर दिलं नाही.

यात गोम आहे, हे मला कळतं. कोल्हापूरच्या वाट्याला शाहू महाराज आले. तेवढीच मोकळीक असलेला दुसरा एखादा राजा काय करता, याचे दाखले आसपासच्या संस्थानांत हवे तेवढे मिळतील. आणि मी तर राजाही नाही. माझ्यानंतर येणाऱ्या सेक्रेटरीकडेही स्क्रू ड्रायव्हर असेलच.

मावशी आता लिफ्टनं येतात. पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे. पाटी माझ्या कपाटात आहे.