नकाशा, होकायंत्र आणि हाकेचे अंतर

प्रशासनाविषयी लिहिणाऱ्याने खेळाकडे वळावे याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु ओरिएंटिअरिंग हा खेळ मुळातच गणवेशधारी लोकांच्या प्रशिक्षणातून निघालेला आहे. अनोळखी मुलखात नकाशा व होकायंत्र यांच्या साहाय्याने ठरावीक खुणा शोधीत जाणे, एवढेच त्याचे स्वरूप. त्याची पहिली सार्वजनिक स्पर्धा १८९७ साली नॉर्वेमध्ये झाली. १९१९ मध्ये स्वीडनच्या एर्न्स्ट किलांडर यांनी तो तरुणांमध्ये रुजविला. १९७६ साली ऑस्ट्रेलियात त्याला 'रोगेनिंग' नावाची सांघिक शाखा फुटली, आणि मला खरा रस आहे तो हिच्यात. येथे सर्व खुणा गाठणे बहुधा अशक्यच असते. प्रत्येक खुणेला गुण ठरलेले असतात, वेळ मोजका असतो, आणि कोणत्या खुणा सोडून द्यायच्या हे संघाने आरंभीच ठरवायचे असते. अंदाजपत्रक केलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय एक नियम असा, की संघातील सर्वांनी सदैव एकमेकांच्या हाकेच्या अंतरात राहिले पाहिजे. पुढे धावणाऱ्याला पुढे धावण्याचा काहीही लाभ नाही.

गेल्या हिवाळ्यात झाशी येथे काही अधिकारी, कर्मचारी आणि शिक्षक यांनी मिळून अशी एक छोटी स्पर्धा सरावादाखल योजली. आमच्या संघात चौघे होतो: मी, एक परिविक्षाधीन उपजिल्हाधिकारी, एनसीसीचे काम पाहणाऱ्या एक शिक्षिका आणि एक प्रौढ लेखपाल. (लेखपाल म्हणजे आपल्याकडील तलाठी. हुद्दा निराळा, दप्तराचे ओझे तेच.) पहिला तास जुन्या शहरात, माणिक चौकापासून, त्यानंतर बसने ग्रामीण भागात जाऊन पाच तासांची मुख्य फेरी.

माणिक चौकात पहाटे दुकानांची लोखंडी शटरे बंद होती, आणि नेमकी तीच आमच्या मुळावर आली. लोखंडाजवळ होकायंत्राची सुई विश्वासार्ह राहत नाही. सर्वेक्षण विभागाच्या ५०,००० प्रमाणाच्या पत्रकावर एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. त्यामुळे तटाच्या आतील सगळे शहर अंगठ्याखाली झाकले जाते. शहरी स्पर्धांसाठी ४,००० प्रमाणाचे नकाशे लागतात. आमच्याकडे होता तो शिक्षिकाबाईंनी हाताने काढलेला नजरी नकाशा. निवडणुकीचे काम केलेल्यांना हा प्रकार परिचयाचा आहे. राणीमहाल, मुरली मनोहर मंदिर, आणि १८४२ साली राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला ते गणेश मंदिर, अशा खुणा धरून आम्ही निघालो. बाई येथल्याच एका जुन्या मराठी कुटुंबातील. आम्ही दोघे मराठीत बोलत चाललो होतो, तोच एका ओट्यावरून आजींनी विचारले, "काय गं, एवढ्या पहाटे कुठं? गणपतीकडं का? मग इकडनं कशाला, मागच्या बोळातनं जा." वाट विचारायची नाही असा आमचा नियम होता. न विचारता सांगितलेली ऐकायची नाही असे मात्र कोणी म्हटले नव्हते.

याच शहराच्या वेढ्यात १८५८ साली सापडलेले वरसईचे विष्णुभट गोडसे कोकणातून येथवर आले आणि पुन्हा घरी पोहोचले, ते नकाशावाचून, माणसांना विचारीत. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. नकाशाचा एवढा अभिमान बाळगणाऱ्या माझ्यासारख्याने तो अधूनमधून चाळावा असा आहे.

ग्रामीण फेरीत नकाशा उपजिल्हाधिकाऱ्यांच्या हाती होता. मुलगा हुशार, पाय तरुण. लेखपालांकडे पावले मोजण्याचे काम. जरीब ओढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचे पाऊल किती नेमके पडते, हे त्या दिवशी पाहिले. शंभर मीटरला बासष्ट जोडपावले, चढावर सहासष्ट, आणि ते तोंडाने पुटपुटत राहत. तिसऱ्या खुणेजवळ नकाशात निळ्या रंगाचा एक तलाव होता. त्याच्या ईशान्य कोपऱ्यात केशरी-पांढरा झेंडा असावयास हवा. मोजलेली पावले संपली, आणि समोर हरभऱ्याचे हिरवेगार शेत. उपजिल्हाधिकारी थबकले. आपण पश्चिमेकडे भरकटलो असा त्यांनी तर्क केला, होकायंत्र पुन्हा लावले, आणि आम्ही एका खडकाळ टेकाडाला वळसा घालून बारा मिनिटांनी त्याच शेताच्या दुसऱ्या बांधावर आलो. झेंडा तेथे बाभळीला बांधलेला होता.

लेखपाल या सर्व वेळात शांत होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारले, की हाच तो तलाव हे आपणांस ठाऊक नव्हते काय? ते म्हणाले, "साहब, नक्शा तो उनके हाथ में था." आणि थोडे थांबून, "तालाब है, यह बोल देता तो लिखना भी पड़ता."

पहिल्या वाक्याची प्रशासनाला सवय आहे. ज्याच्या हाती कागद त्याचा शब्द, आणि ज्याने जमीन पाहिलेली आहे त्याचे मौन. परंतु दुसरे वाक्य मला दिवसभर सोडीना. अभिलेखात ती जमीन आजही तलावच आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हिंचलाल तिवारी प्रकरणात तलावांची जागा वाटून न टाकता जपण्याचे बंधन शासनावर घातले. उत्तर प्रदेश राजस्व संहितेचे कलम ६७ तर स्पष्टच आहे: ग्रामपंचायतीच्या मालमत्तेवर अनधिकृत कब्जा झाल्यास सहायक कलेक्टरांना कळविण्याचे कर्तव्य ज्यांच्यावर आहे, त्यांत लेखपालाचे नाव आहे. कळवावे, तर हरभरा पेरणारा त्याच गावात राहतो, लेखपालही त्याच रस्त्याने जातो, आणि ज्यांना कळवायचे ते अधिकारी दोन वर्षांत बदलून गेलेले असतात. न कळवावे, तर कागदावर तलाव निळाच राहतो आणि उन्हाळ्यात गावाच्या विहिरी तळ गाठतात. बुंदेलखंडात याचा अर्थ काय होतो, हे टँकरच्या रांगा पाहिलेल्यांना वेगळे सांगावयास नको. त्यांना भित्रा म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. हाकेच्या अंतरात राहण्याचा नियम आम्ही पायांनी पाळला होता, एवढेच.

उरलेल्या फेरीत बाईंनी एक पद्धत घालून दिली, ती मला फार आवडली. प्रत्येक खुणेनंतर नकाशा दुसऱ्याच्या हाती जाईल. आणि निघण्यापूर्वी नकाशा धरणाऱ्याने वाटेत काय काय दिसणार ते मोठ्याने सांगावे. "डावीकडे विहीर, मग नाला, मग टेकडीचा खांदा." इतरांपैकी कोणाला त्यात खोट दिसली, तर त्याने ती तेथेच बोलून दाखवायची, हुद्दा न पाहता. लेखपालांनी पाचव्या खुणेला प्रथम तोंड उघडले: नाला आहे, परंतु वर रपटा झाला आहे, तिकडून चला. आम्ही सतरा मिनिटे वाचविली. सहाव्या खुणेला नकाशा त्यांच्याच हाती होता.

वेळेनंतर चार मिनिटांनी पोहोचल्यामुळे आमचे गुण कापले गेले, आणि सात संघांत आम्ही पाचवे आलो. बसमध्ये उपजिल्हाधिकारी बराच वेळ गप्प होते. मग ते उठून लेखपालांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी तलावाचा गाटा क्रमांक विचारला. लेखपालांनी तो न पाहता सांगितला. पुढच्या आठवड्यात कलम ६७ खालील अहवाल तहसिलीत दाखल झाला. त्यावर लेखपालांची सही होती आणि तिच्या खाली, स्थळ स्वतः पाहिल्याच्या नोंदीसह, उपजिल्हाधिकाऱ्यांचीही. मोजणी हरभऱ्याची काढणी झाल्यावर करावी, अशी सूचना लेखपालांनीच केली होती आणि ती मान्य झाली.