वरळीतले दोन पांढरे रंग

भीमजयंती जवळ आली म्हणून शनिवारी वरळीला आत्याकडे मुक्कामाला गेलो. जांबोरी मैदानाजवळची बी.डी.डी. चाळीतली तिची 160 चौरस फुटांची खोली आता राहिली नाही. 1920 च्या दशकातल्या त्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यात आत्याही होती.

सामान चढवताना हॉलच्या भिंतींना डाग पडले होते. जयंतीपूर्वी रंग काढायचा ठरला आणि घरात वाद सुरू झाला. नातवाला ऑफ-व्हाइट हवा, आत्याला मोतिया. शेडकार्डावर दोन्ही जवळपास सारखेच!

"एवढ्याशा फरकासाठी कशाला भांडता?" मी म्हणालो.

आत्या म्हणाली, "बाळा, 1974 च्या दंगलीत दगड लागून आमच्या भिंतीचे पोपडे पडले. तुझ्या मामांनी चुन्यात पिवडी कालवून ती स्वतः रंगवली. तो रंग माझ्या डोळ्यांपुढून जात नाही."

नातू गप्प झाला. मग रंगाऱ्याच्या सल्ल्याने दोन लहान डब्या आणल्या. खिडकीजवळच्या आणि आतल्या अशा दोन्ही भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन काढून दोन हात मारले. रविवारी सकाळ, दुपार, संध्याकाळ ते पाहत राहिलो.

खिडकीपाशी ऑफ-व्हाइट स्वच्छ दिसे. आतल्या भिंतीवर तोच राखेसारखा, ट्यूबलाइटखाली निळसर. मोतियात पिवळ्याची झाक, म्हणून कमी उजेडातही भिंत प्रसन्न वाटे. पण पश्चिमेचे ऊन पडताच तो फार पिवळा होई. रंग डबीत एक असतो, भिंतीवर उजेड त्याला बदलतो.

शेवटी खिडकीकडच्या भिंतींना ऑफ-व्हाइट आणि तथागत व बाबासाहेबांच्या प्रतिमा लावायच्या आतल्या भिंतीला मोतिया ठरला. दोघांचेही मन राखले गेले.

भगिनींनो, बंधूंनो, दुकानातल्या कार्डावर भरवसा ठेवून पाच-दहा हजार खर्चू नका. आधी आपल्याच भिंतीवर, आपल्याच उजेडात रंग पाहा. जुन्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागे. कोणत्या भिंतीवर किती ऊन येते, हा विचार करायची वेळच आली नव्हती. निघताना आत्या त्या मोतिया चौकोनावर हात फिरवीत म्हणाली, "मामांना दाखवायला हवा होता."