नौकेचा कठडा : काही टिपणे

चेन्नई बंदरात बांधून ठेवलेल्या नौकेला गंजापासून सुटका नाही. हवा बाराही महिने दमट, दुपार झाली की समुद्रावरून खारा वारा, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस. याच राज्यात कारैकुडीला केंद्रीय विद्युत-रसायन संशोधन संस्था आहे. देशाचा गंज-नकाशा तिने काढला, आणि खाऱ्या हवेत धातूंचं काय होतं ते पाहायला मंडपमच्या किनाऱ्यावर तिचं केंद्र आहे. किनारा सोडून आत जाऊ तसा गंज कमी होत जातो. नौकेला आत कुठे जायचं?

*

शिडाच्या नौकेच्या दोन्ही कडांना, नाळेपासून मागच्या टोकापर्यंत, छोट्या खांबांतून ओवलेल्या तारा असतात. त्या लाइफलाइन, म्हणजेच नौकेचा कठडा. खांबांना स्टँचन म्हणतात. नौकानयनाच्या जागतिक संघटनेच्या खोल समुद्रातल्या शर्यतींच्या नियमांत वरची तार डेकपासून किमान ६०० मिलिमीटर उंच लागते आणि दोन खांबांत २.२ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. आमच्यासारख्या तीसेक फुटांच्या नौकेला पोलादी तार किमान ४ मिलिमीटर जाडीची हवी. आम्ही शर्यतीत उतरत नाही, पण हे आकडे माणसं गमावून ठरलेले आहेत, म्हणून पाळतो.

*

जुन्या तारांवर पांढरं प्लॅस्टिक असतं. हाताला मऊ, दिसायला स्वच्छ. घात तिथेच आहे. स्टेनलेस पोलाद न गंजण्याचं कारण म्हणजे त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिपातळ थर, आणि तो टिकायला प्राणवायू लागतो. प्लॅस्टिकखाली खारं पाणी शिरतं, अडकून बसतं, हवा मिळत नाही. थर फाटला की पुन्हा धरत नाही. मग गंज तारेच्या आत आत खात जातो. म्हणूनच शर्यतींचे ते नियम उघडी तार वापरा असं सांगतात. ३१६ जातीच्या पोलादात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे ते ३०४ पेक्षा खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं. पण प्लॅस्टिकमध्ये कोंडलं तर तेही हरतं.

*

परवा पातं घेऊन आमच्या तारेच्या एका टोकाजवळ प्लॅस्टिक उभं चिरलं. बाहेर फक्त पिवळसर डाग होता, बोटाच्या पेराएवढा. आत तपकिरी भुकटी. तारेचे बाहेरचे पदर शाबूत दिसत होते; नखाने उचलल्यावर दोन पदर तुटून हातात आले. तार बहुतेक वेळा टोकाशीच जाते, जिथे ती दाबून बसवलेल्या नळीत शिरते. मध्ये कितीही चकाकत असली तरी निकाल टोकावर लागतो.

*

बदलायचं तर दोन रस्ते. एक, उघडी पोलादी तार. तिची टोकं दाबून बसवायला यंत्र लागतं, ते घरी नसतं. पाना वापरून बसवायची यांत्रिक टोकं मिळतात, पण महाग. दुसरा, डायनिमा. हा पॉलिथिलिनचाच धागा, पण तेवढ्याच जाडीच्या पोलादी तारेहून जास्त ताण घेतो, गंजत नाही, पाण्यावर तरंगतो. मुख्य म्हणजे त्याचं टोक हाताने गुंफता येतं. त्याचे दोन शत्रू : घासणं आणि ऊन. चेन्नईत दोन्हींची वाण नाही, म्हणून पोलादापेक्षा लवकर बदलावा लागेल हे धरूनच चालायचं. शर्यतीत उतरणाऱ्यांनी त्या वर्षीचे नियम आधी वाचावेत. कोणत्या वर्गाला डायनिमा चालतो हे बदलत आलेलं आहे.

*

खरेदी. टर्नबकल (ताण देणारा स्क्रू), शॅकल (जोडकडी), थिंबल (फासाच्या आतली धातूची खोबण) यांसाठी चेन्नईतल्या पॅरीज कॉर्नरच्या मागच्या गल्ल्या आणि मन्नडी पायी फिरावी. दुकानदार ‘एस.एस.’ म्हणून जे पुढे करतो ते ३०४ की ३१६ हे विचारून घ्यावं आणि बिलावर लिहून घ्यावं. लोहचुंबक लावून या दोहोंतला फरक कळत नाही. डायनिमा मात्र नौकानयनाचं सामान विकणाऱ्याकडूनच घ्यावा.

*

डायनिमाची दोरी ओवण्याआधी प्रत्येक खांबाच्या भोकातून कापसाचा बोळा फिरवायचा. वर्षानुवर्षं तार घासून भोकाच्या कडेला बारीक धार आलेली असते. डोळ्याला दिसत नाही, पण कापसाचे तंतू तिथे अडकतात. अडकले की बारीक कानस, मग पॉलिश पेपर, मग पुन्हा कापूस. पोलादी तारेला ही धार सोसते, डायनिमाला नाही. सगळ्या कामात सर्वांत कंटाळवाणा भाग हाच, आणि नौकेवरच्या माणसाचा जीव यावरच अवलंबून आहे.

*

गाठ मारायची नाही. गाठीत दोरीची ताकद निम्म्यावर येते आणि हा धागा इतका गुळगुळीत की गाठ सरकते. टोक थिंबलभोवती वळवून दोरीच्याच पोकळ पोटात घालायचं. आत जाणारी लांबी जाडीच्या ७२ पट : ५ मिलिमीटरला ३६०. शेपूट एकदम न कापता पदर कमी करत निमुळतं करायचं, म्हणजे आतलं टोक संपतं तिथे एकाच जागी ताण येत नाही. शेवटी दोऱ्याने टाके. दुसरं टोक बारीक दोरीच्या फेऱ्यांनी आवळायचं. त्या फेऱ्यांनी सांधलेली फट १०० मिलिमीटरच्या आत हवी. पहिल्या काही फेरफटक्यांत दोरी बसते, थोडी सैल पडते, ती पुन्हा आवळायची.

*

एका वेळी एकच बाजू सोडावी आणि जुनी तार मापासाठी ठेवावी. टर्नबकल निम्मा उघडा असताना माप घ्यावं.

*

तार नवी आणि खांब डुगडुगता, तर काम झालंच नाही. ६०० मिलिमीटर उंचीवरचा धक्का ७५ मिलिमीटर रुंद पायाच्या बोल्टवर आठपट होऊन पोचतो. डेकखाली हात घालून बोल्टमागची पट्टी चाचपावी. ओल लागली तर आधी ती दुरुस्ती.

*

घराच्या गॅलरीचा कठडा कमरेच्या वर असतो. नौकेचा हा कठडा उभ्या माणसाच्या जेमतेम मांडीपर्यंत येतो, म्हणजे तोल गेला तर अडवण्याऐवजी उलथवूही शकतो. म्हणून खराब हवेत डेकवर बसून सरकायचं आणि हार्नेसची दोरी जॅकलाइनला, म्हणजे डेकवर लांबीने ताणलेल्या पट्ट्याला, अडकवायची, कठड्याला नाही. जून १९९८ मध्ये एरिक ताबार्ली हा फ्रान्सचा थोर दर्यावर्दी रात्री स्वतःच्याच ‘पेन ड्युइक’वरून समुद्रात पडला आणि गेला. त्याने हार्नेस बांधलेला नव्हता.

*

इथला रॉयल मद्रास यॉट क्लब १९११ सालचा, बंदराचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग यांनी काढलेला.  ऑलिंपिकला पात्र ठरलेली पहिली भारतीय महिला शीडपटू नेत्रा कुमानन याच शहरातली. तिच्या लेझरसारख्या छोट्या नौकांना कठडा नसतो; खेळाडू अंग बाहेर झोकूनच तोल राखतो आणि पाण्यात पडणं सरावाचाच भाग असतो. मोठ्या नौकेवरून पडलेल्या माणसाकडे मात्र परत वळून येईपर्यंत लाटांत त्याचं डोकं दिसेनासं होतं.

*

दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने ‘म्हादेई’वरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात ती नौका बांधली जात असताना दोंदे कामावर हजर असत. भर समुद्रात काही तुटलं की कुठला बोल्ट कुठे आहे हे आठवावं लागतं, आणि आठवतं तेच, जे एकदा हाताखालून गेलेलं असतं. लाइफलाइन स्वतः बदलली की मजुरी वाचते, पण तो फायदा लहान. मोठा फायदा हा, की नौकेचा प्रत्येक खांब, भोक, बोल्ट एकदा तरी तुमच्या बोटांना माहीत होतो.

*

नौका असलेल्या सगळ्यांना सांगणं एवढंच : ईशान्य मोसमी वारे सुरू होण्याआधी कठड्याच्या तारेचं टोकाजवळचं प्लॅस्टिक वीतभर चिरून पाहा. आत तपकिरी दिसलं, तर ती तार त्याच दिवशी उतरवा आणि नवी बसेपर्यंत बंदराबाहेर जाऊ नका.