नाव घालणे

मराठी माणूस मुलाला नाव ठेवतो, शेजाऱ्याला नावे ठेवतो, घराण्याचे नाव काढतो आणि भांड्यांवर नाव घालतो. वर्गात वाक्प्रचार शिकवताना मी नेहमी सांगतो, की अंगावर नाव घातल्यावाचून भांडे आपल्या घरात नांदत नाही. मुले हसतात. यंदा मात्र हे वाक्य माझ्याच अंगावर आले.

पनवेलला वडाळे तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर. ते पाडून तेथे इमारत उठायची ठरली आणि भांड्यांच्या वाटण्या निघाल्या. आम्ही तिघे भाऊ माजघरात बसलो. भांड्यांचा न्याय सोपा असतो. तो त्यांच्या अंगावरच कोरलेला असतो. हंड्यावर आजोबांचे नाव, घागरीवर वडिलांचे, स्टीलच्या डब्यांवर अमक्यातमक्याकडून सप्रेम भेट. शेवटी एक घडीची विळी उरली. आई म्हणाली, "ती माझी. माझ्या रुखवतातली."

मी थट्टेने म्हणालो, "पण तिच्यावर नाव कुठं आहे, आई?"

भाऊ हसले. आई हसली नाही. तिने पाते मिटले, विळी उचलली आणि ती आत गेली.

त्या रात्री मी साऱ्या भांड्यांवरची नावे पुन्हा वाचली. साठ वर्षे जिने ती घासली, तिचे नाव एकावरही नव्हते.

दुसऱ्या दिवशी विळी घेऊन नावे घालणाऱ्याकडे गेलो. त्याने नखाने पाते वाजवून पाहिले आणि मान हलवली. पितळ मऊ, त्यात छिन्नी शिरते. विळीचे पोलाद कठीण, त्यावर ती घसरते. माझी कन्या अकरावीला, विज्ञान शाखेला आहे. ती म्हणाली, "बाबा, छिन्नी कशाला? नऊ व्होल्टची बॅटरी पुरेल."

युक्ती अशी. पाते घासून तेलकटपणा घालवायचा. त्यावर नखांना लावायच्या रंगाचा थर द्यायचा. तो सुकला की दाभणाने अक्षरे लिहायची, म्हणजे अक्षरांपुरते लोखंड उघडे पडते. बॅटरीच्या धन टोकाची तार पात्याला जोडायची. ऋण टोकाच्या तारेला मिठाच्या पाण्यात भिजवलेला कापूस गुंडाळून तो अक्षरांवरून फिरवायचा. कापसातून हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि उघडे लोखंड कणाकणाने पाण्यात उतरते. खिडकी उघडी ठेवायची, हे ओघाने आलेच. विळी स्टेनलेसची असती तर कन्येने हात लावू दिला नसता. त्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगे तयार होऊ शकतात.

आधी एका गंजक्या सुरीवर माझेच नाव घालून पाहिले. ते कोणालाही वाचता आले नाही! मी कापूस फार वेळ दाबून धरला होता. त्यामुळे अक्षरांच्या गाठींतले रंगाचे बारीक ठिपके सुटले, गाठी बुजल्या आणि शिरोरेखा रस्त्यासारखी रुंद झाली. अक्षरे मोठी हवीत आणि कापूस थोडा थोडा वेळच टेकवायला हवा, एवढे मी शिकलो. दुसरीही एक गोष्ट सुचली. अक्षर म्हणजे जे झरत नाही ते, असे मी वीस वर्षे शिकवीत आलो. येथे तर लोखंड झरल्याशिवाय अक्षर उमटतच नव्हते.

पात्यावर नाव घालण्याची हौस काही नवी नव्हे. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार मिळवली. ती फिरंग आहे, म्हणजे तिचे पाते युरोपी धाटणीचे. पण पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत भोसल्यांचे नाव आहे, सेनासाहेब सुभा या किताबासह. तलवारीने धन्याचे नाव सांगावे आणि विळीने का सांगू नये?

मी आईला विचारले, "कोणतं नाव घालू?" लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहून तिला नवे नाव दिले होते. रेशनकार्डावर तेच, मतदारयादीत तेच.

आई म्हणाली, "ते तांदूळ त्याच आठवड्यात शिजले रे. विळी पेणहून आली. तिला पेणचंच नाव ठाऊक."

मग धारेपासून दूर, पाठीजवळ, मी तिचे माहेरचे नाव घातले. धारेलगत घातले असते तर धार लावणाऱ्याच्या चाकावर तेही झिजले असते. रंग पुसला, खाण्याच्या सोड्याने पाते धुतले, खोबरेल लावले. अक्षरे काळसर, स्वच्छ उमटली होती. आईने त्यांवरून बोट फिरवले. शेवटच्या अक्षरापाशी ते थांबले.

"दुसरी वेलांटी दिलीस. माझे वडील पहिली द्यायचे."

मी मराठीचा प्राध्यापक. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम मला तोंडपाठ. ऱ्हस्वान्त तत्सम शब्द आता दीर्घान्त लिहायचे, व्यक्तिनामेसुद्धा, हे सारे मी तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"असू दे," ती म्हणाली. "पण मला शाळेत घातलं ते त्याआधी."

मी विळी उलटी केली आणि दुसऱ्या अंगाला रंगाचा थर दिला. आता तिच्या एका अंगावर व्याकरणातले नाव आहे आणि दुसऱ्यावर आईचे. संध्याकाळी आईने तिच्यावर दुधी चिरला. बसताना पहिल्या वेलांटीचे अंग तिने आपल्याकडे केले होते.