कावडीच्या दांडीचा कामठा

जुन्या नाशकात बडी दर्गाहजवळ पिंजारघाट आहे. नावातच पिंजारी आहे. आमचे घर तिथून हाकेच्या अंतरावर. अब्बांनी आयुष्यभर कापूस पिंजला, गाद्या-रजया भरल्या. आम्ही दोघे नोकरीवाले. आडनाव विचारले की मन्सूरी म्हणून सांगतो, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत विषय बदलतो. हल्लाज या अरबी शब्दाचा अर्थच कापूस पिंजणारा, आणि मन्सूर हल्लाज यांच्या नावावरून ही बिरादरी स्वतःला मन्सूरी म्हणवते, हे अब्बांनीच आम्हाला लहानपणी सांगितले होते. म्हणजे नाव बदलून फार काही लपत नाही.

गोष्ट सुरू झाली आमच्या नववीतल्या मुलामुळे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक तीरंदाजी स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली, त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळेही. तेव्हापासून याच्या डोक्यात धनुष्य शिरले. दुकानातल्या धनुष्याची किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. मग त्याने जाहीर केले, ‘‘मी लाकडाचं बनवतो.’’ अम्मी म्हणाल्या, आधी चाचणी परीक्षा दे. अब्बा कोपऱ्यात तस्बीह फिरवत होते. मोतीबिंदूचा एक डोळा झालेला, दुसरा राहिलेला. ते बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलले, ‘‘लाकूड नाशकात नाही मिळायचं. पेठकडं जाऊ.’’

बऱ्याच दिवसांनी, असे लिहिले त्यामागे कारण आहे. तीन वर्षांपूर्वी घराचे काम काढले, तेव्हा माळ्यावरचे अब्बांचे पिंजण आम्ही भंगारवाल्याला दिले. दोनशे रुपये आले. विचारले नाही. अब्बा संध्याकाळी माळ्याकडे बघून खाली बसले आणि त्यावर एक शब्द बोलले नाहीत. तो शब्द न बोलणेच घरात राहिले.

रविवारी फजर झाल्यावर निघालो. पेठ रोडने शहर संपते तसा उजव्या हाताला रामशेज दिसू लागतो. औरंगजेबाच्या फौजांना वर्षानुवर्षे झुंजवणारा हा किल्ला दिसायला किती लहान! पुढे सावळघाट, कोटंबी घाट, करंजाळी. नाशिकची द्राक्षे मागे पडतात आणि नागली-वरईची उतरंडीची शेते सुरू होतात. मुलाला वाटेत सांगितले की पेठ एकेकाळी छोटे संस्थान होते आणि तिथल्या राजघराण्याने मुघल काळात इस्लाम स्वीकारला होता. १८५७ मध्ये इथे उठाव झाला, राजघराण्यातल्या भगवंतरावांना इंग्रजांनी फाशी दिले. शेवटच्या बेगम नूरजहाँ १८७८ मध्ये वारल्या आणि संस्थान इंग्रजी तालुका झाले. पोरगा म्हणाला, हे पुस्तकात का नाही? आमच्याकडे उत्तर नव्हते.

करंजाळीच्या पुढे एका पाड्यावर अब्बांनी गाडी थांबवायला सांगितली. कोकणा समाजाचे घर, कुडाच्या भिंती, दारात नागली वाळत घातलेली. म्हातारे यजमान बाहेर आले, डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि ओरडले, ‘‘पिंजारीभाऊ!’’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. जो शब्द आम्ही टाळत आलो, तो इथे मिठी मारताना वापरला जात होता. पाऊस सरला की अब्बा सायकलला पिंजण बांधून याच बाजूला यायचे, थंडीच्या आत रजया भरून द्यायचे, रात्री याच ओटीवर निजायचे, हे आम्हाला तेव्हा कळले. कोरा चहा आला, मग नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी.

कामठ्याचे बोलणे निघाले. आपल्याकडे आदिवासी तीर-कामठा बहुधा बांबूचा करतात, भिल्लांच्या कामठ्याला तर दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट कामटीची असते. पण यजमानांनी आढ्याला खोचलेली एक दांडी काढली. जुन्या कावडीची, धामणीची. धामण म्हणजे लवचीकपणाचे दुसरे नाव. कुऱ्हाडीचे दांडे, कावडी, गाडीच्या दांड्या याच लाकडाच्या करत. संस्कृतात या झाडाला धन्वन म्हणतात, म्हणजे धनुष्याशी नाते जुने आहे. दांडी पावणेसहा फुटांची, वर्षानुवर्षे चुलीच्या धुरात वाळलेली. झाड तोडायचा प्रश्न नाही, जंगलखात्याची भानगड नाही. शिकारीचा तर विषयच नको, ती १९७२ च्या कायद्याने बंद आहे. मुलाला यजमानांनीच बजावले, ‘‘तीर गवताच्या पेंढीवर मारायचा, पाखरावर नाही.’’

पैसे काढले तर त्यांनी हात मागे घेतला. ‘‘पैसं नको. माझी गादी गठ्ठे धरून बसलीया. तेवढी पिंजून द्या.’’

अब्बा क्षणभर थांबले. मग म्हणाले, ‘‘देतो.’’ गादी गुंडाळून गाडीच्या टपावर बांधली. परतीच्या वाटेवर आम्ही दोघे काही बोललो नाही. मुलगा मात्र दांडी मांडीवर धरून बसला होता.

आता कामठा कसा झाला ते. ज्यांच्या घरात असे वेड लागलेले पोर आहे, त्यांना उपयोग होईल.

दांडीच्या टोकाला वार्षिक वर्तुळांच्या कमानी दिसतात. ज्या बाजूला त्या कमानी फुगलेल्या, ती झाडाची बाहेरची बाजू. तीच धनुष्याची पाठ, म्हणजे तीर मारताना समोरची बाजू. पाठीला हत्यार लावायचे नाही. तिथला एक धागा तुटला तर कामठा तिथेच फाटतो. सगळे तासणे पोटाच्या बाजूने, म्हणजे जी बाजू आपल्याकडे असते तिने. मध्ये आठ इंच मूठ जाडच ठेवायची. तिथून दोन्ही बाहू टोकाकडे हळूहळू बारीक आणि पातळ. शेजारच्या सुतारांनी वाकस आणि रंधा दिला, मोठे काम पहिल्या दिवशी उरकले. पुढचे काम कानशीने आणि शेवटचे फुटक्या काचेने खरवडून.

खरा कस इथून पुढे लागतो. दोन्ही बाहू सारखे लवले पाहिजेत, आणि प्रत्येक बाहू आपल्या सगळ्या लांबीत लवला पाहिजे. त्यासाठी कामठा मुठीवर भिंतीच्या खुंटीला आडवा टेकवायचा, सैल दोरी बांधायची, ती खालून ओढायची आणि पाच-सहा पावले मागे उभे राहून बघायचे. दोरी कुणीतरी ओढावी, कुणीतरी बघावे, म्हणून हे एकट्याचे काम नाही. जिथे लाकूड ताठ दिसते तिथे खडूने खूण करायची, तिथलेच खरवडायचे, मग वीस-तीस वेळा ओढून पुन्हा बघायचे. जिथे जास्त वाकते तिथे हात लावायचा नाही. आम्ही सामान तोलायचा हुकाचा काटा दोरीला लावला. चौदा किलोपर्यंत ताण ठेवायचा ठरले, आणि त्यापलीकडे ओढायचे नाही. न लवणाऱ्या कामठ्याला जोराने ओढून लवता करता येत नाही, तो मोडतो.

तीन संध्याकाळी, असर ते मगरिब, असे चालले. चौथ्या दिवशी आमच्याकडून घोटाळा झाला. डावा बाहू ताठ वाटला. मुलगा शाळेत होता, अब्बा झोपले होते. म्हटले, आपणच थोडे उरकू. काच मस्त चालत होती, भुगा पडत होता. ओढून पाहिले तर बाहू मधल्या एका जागी कोपरासारखा वाकला. चार बोटांच्या जागेत लाकूड खाऊन टाकले होते. घातलेले लाकूड परत लावता येत नाही.

पोरगा आला. बघितले. रडला नाही, पण दप्तर न काढता बसून राहिला. आम्हाला माळ्यावरची ती संध्याकाळ आठवली.

अब्बा उठून आले. त्यांनी कामठा मांडीवर घेतला, डोळे मिटले आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीत बाहू धरून मुठीपासून टोकापर्यंत बोटे नेली. पुन्हा आणली. आम्हाला वाटत होते त्यांना पिंजणाचा अनुभव, धनुष्याचा काय? पिंजणाची काठी वाकत नाही, तिची तांत थरथरते. पण ते म्हणाले, ‘‘दुकानात पिंजण टांगलेलं असायचं ते कशाला? वरच्या बांबूच्या कमानीला. वजन ती झेलायची. ती कमान मीच तासायचो. एका जागी वाकली तर महिन्यात मोडायची.’’ मग खडू मागितला. खाल्लेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना लांब खुणा केल्या. ‘‘ती जागा सोडा. बाकीचं सगळं तिच्या जोडीला आणा. आणि दुसरा हात पण.’’

म्हणजे एका चुकीसाठी सगळा कामठा हलका करायचा. पाच दिवस लागले. बोटे अब्बांची, काच मुलाची, दोरी आमची, आणि मागे उभे राहून ‘‘उजवीकडचं टोक झोपलंय’’ असे सांगायला अम्मी. त्यांचा डोळा सगळ्यांत तेज निघाला. शेवटी दोन्ही बाहू एकसारखे लवले. चौदा किलो गेले, चोवीस इंच ओढीला नऊ किलो उरले. लाकडाने थोडा कायमचा बाक धरला, पहिल्या कामठ्याला तेवढे चालते. टोकांना कानशीने खाचा, पक्की वळलेली जाड दोरी, मुठीपासून दोरी इतक्या अंतरावर की मूठ ठेवून अंगठा उभा केला तर नखाला टेकावी. वरून जवसाचे तेल. रिकामी दोरी ओढून सोडायची नाही, हा नियम मुलाने भिंतीवरच लिहिला.

काम करताना अब्बा बोलत राहिले. सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या तीरंदाजीचे सांगितले. तीरंदाजी शिकून सोडून देणे प्रेषित (सल्ल.) यांना नापसंत होते, असे हदीसमध्ये आहे, तेही सांगितले, आणि सांगताना आमच्याकडे पाहिले की नाही हे आम्हाला नक्की सांगता येणार नाही. कच्छमधल्या कमानगरांचेही निघाले. धनुष्ये बनवणारी ती माणसे पुढे भिंतींवर चित्रे काढू लागली, आणि पंजाबातले कमानगर हाडे बसवू लागले. धंदा जातो, हात राहतात. आमच्या शेजारच्या पिंजाऱ्यांचे हात काय करू लागले, ते विचारले तर अब्बा हसले, ‘‘रिक्षा.’’

पहिला तीर गंगापूर रोडपलीकडच्या एका ओळखीच्या मळ्यात, पेंढ्यांच्या गंजीवर मारला. दहा पावलांवरून. पहिला चुकला, दुसराही, तिसरा आत गेला. अल्हम्दुलिल्लाह!

राहिली पेठची गादी. ती अजून जिन्याखाली आहे. आम्ही म्हटले, दुकानात मशीन आहे, अर्ध्या तासात पिंजून मिळेल. अब्बा म्हणाले, ‘‘हातानं देतो असं कबूल केलंय.’’ परवा त्यांनी गादीचा कोपरा उसवून मूठभर कापूस काढला, नातवाचा कामठा आडवा धरला, दोरी कापसावर टेकवली आणि लाटण्याच्या टोकाने तिला ठोका दिला. गठ्ठ्यातून कापूस सुटला आणि खोलीभर उडाला. मुलगा तोंड उघडे ठेवून बघत राहिला. त्याने हे कधी पाहिलेच नव्हते.

‘‘दोरी बरोबर नाही,’’ अब्बा म्हणाले, ‘‘कापूस चिकटतो. तांत पाहिजे.’’ मग आमच्याकडे वळून, पहिल्यांदाच, ‘‘पिंजण दिलं तर दिलं. तांत तरी काढून ठेवायची.’’

तांत बाजारात मिळेना. बकऱ्याची आतडी धुऊन, पीळ देऊन, ताणून वाळवायची असते, आणि ते त्यांना येते. बकरी ईदला अजून दोन महिने आहेत. कसायाला आत्तापासून सांगून ठेवा, असे त्यांनी बजावले आहे, आणि लाकडासाठी मुलाला घेऊन ते वखारीत जाऊन आले आहेत.