आजोबांच्या सायकलीचं मागचं चाक

मित्रांनो, तुमची सायकल बोलते का हो? हसू नका! पायडल न मारता उतारावरून सोडली की तिच्या मागच्या चाकातून एक आवाज येतो, तो कधी कान देऊन ऐकलाय? आमच्या आजोबांची सायकल बोलायची. टिक्, टिक्, टिक्, टिक्, अगदी घड्याळासारखी. भूगावच्या आमच्या घरात रात्री तो आवाज अंगणात आला, की आजी म्हणायची, "आले बरं का तबलजी."

त्या सायकलीची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. सुरुवात मात्र मी गेल्या हिवाळ्यातल्या एका रविवारपासून करते.

पुण्यात जुन्या सायकलींचे बरेच शौकीन आहेत. असणारच! एके काळी पुणं हे सायकलींचंच शहर म्हणून ओळखलं जायचं. कर्वेनगरात तर जुन्या सायकलींचं एक संग्रहालयही आहे. अशीच काही मंडळी त्या रविवारी सकाळी एका वडाखाली आपापल्या सायकली घेऊन जमली होती. मीही आजोबांची हिरवी रॅले पुसूनपासून नेली होती. रॅले म्हणजे इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम गावची सायकल. तिथल्या रॅले स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर तिचं पहिलं दुकान होतं, म्हणून हे नाव.

वडाखाली काय गंमत होती म्हणून सांगू! एकाच्या सायकलीला कार्बाइडचा दिवा. वरच्या टाकीतून पाण्याचे थेंब खालच्या कार्बाइडच्या खड्यांवर पडतात, त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पेटवला की पांढराशुभ्र उजेड पडतो. दुसऱ्याची ब्रुक्सची चामड्याची सीट, बसून बसून मालकाच्या आकाराची झालेली. आणि या सगळ्यांच्या मधोमध दोन आजोबा हातवारे करून भांडत होते. मी मनातल्या मनात त्यांची नावं ठेवली, कार्बाइड आजोबा आणि डायनामो आजोबा.

"सायकल जशी कारखान्यातून आली तशीच ठेवायची. एक नटसुद्धा बदलायचा नाही!" कार्बाइड आजोबा म्हणाले.

"मग कपाटात ठेवा ना तिला, दागिन्यांच्या शेजारी!" डायनामो आजोबा म्हणाले. "सायकल चालवायला असते. झिजलं ते बदलायचं आणि पुढे जायचं."

भांडण कशावरून? तर मागच्या चाकाच्या मधल्या डब्यावरून, म्हणजे हबवरून. तुमच्या गिअरच्या सायकलीला मागे दातेरी चकत्यांची चळत असते आणि चेन एकीवरून दुसरीवर उडी मारते, हो ना? या जुन्या सायकलींत बाहेर काहीच दिसत नाही. तीनही गिअर हबच्या पोटात! नॉटिंगहॅमच्याच स्टर्मी-आर्चर या कंपनीने 1902 पासून असे हब बनवले. त्यातला सगळ्यांत प्रसिद्ध 'ए डब्ल्यू' नावाचा हब 1936 साली आला. आत मधोमध एक दातेरी चाक स्थिर असतं आणि त्याच्याभोवती चार छोटी दातेरी चाकं फिरतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. म्हणून त्यांना ग्रहचक्रं म्हणतात. हँडलवरची कळ दाबली की एक बारीकशी साखळी ओढली जाते आणि आतल्या आत जोडणी बदलते.

आता थोडं गणित. (कंटाळू नका, मी बाईच आहे शाळेतली!) पायडलच्या चक्राला 48 दाते आणि मागच्या चकतीला 18 दाते आहेत असं धरा. दुसऱ्या गिअरमध्ये पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक 48 भागिले 18, म्हणजे सुमारे 2.67 वेळा फिरतं. पहिल्या गिअरमध्ये याच्या पाऊणपट, म्हणजे बरोबर 2 वेळा. तिसऱ्यात दुसऱ्याच्या सव्वापटीहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे 3.56 वेळा. चाकाचा परीघ 2.2 मीटर धरला, तर एका फेऱ्यात पहिल्यात 4.4 मीटर, दुसऱ्यात 5.9 मीटर आणि तिसऱ्यात 7.8 मीटर अंतर कापलं जातं. पहिल्यात अंतर कमी, पण जोरही कमी लागतो. म्हणून पहिला गिअर चढासाठी. हे 'चढासाठी' नीट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

"पण तुमच्या त्या जुन्या हबमध्ये दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे पाय रिकामा फिरतो त्याचं काय?" डायनामो आजोबांनी मुद्दा काढला. खरंच आहे ते. तार सैल असली की पायडल नुसतंच गरगर फिरतं आणि चालवणारा दांडीवर आपटतो! नॉटिंगहॅमचा तो कारखाना 2000 साली बंद पडला आणि कंपनी तैवानला गेली. तिथल्या नव्या हबमध्ये ही रिकामी जागाच काढून टाकली आहे.

"तार नीट लावायला शिका म्हणजे आपटणार नाही," कार्बाइड आजोबा म्हणाले.

चहा आला आणि भांडण सायकलीवरून गाण्यावर गेलं. ही सगळी मंडळी सवाई गंधर्व महोत्सवाची वारकरी! सवाई गंधर्व म्हणजे पंडित भीमसेन जोशींचे गुरू. ते 1952 साली गेले आणि 1953 पासून भीमसेनजींनी त्यांच्या स्मृतीसाठी पुण्यात हा महोत्सव सुरू केला. पूर्वी तिथं रात्र-रात्र गाणं चालायचं. लोक घोंगड्या, स्वेटर, थर्मास घेऊन बसायचे आणि पहाटे सायकलींवरून घरी जायचे.

आणि इथं मला मोठी गंमत कळली. एक नटही बदलू न देणाऱ्या कार्बाइड आजोबांचे लाडके गवई कोण? तर कुमार गंधर्व! ज्यांनी माळव्याच्या लोकगीतांतून नवे राग घडवले आणि ज्यांच्यावर 'परंपरा मोडली' म्हणून टीका झाली, ते. आणि झिजलं ते बदला म्हणणाऱ्या डायनामो आजोबांचे लाडके मल्लिकार्जुन मन्सूर, घराण्याची जुनी शिस्त जिवापाड जपणारे! मी हे बोलून दाखवलं तेव्हा दोघंही क्षणभर गप्प झाले. मग एक मावशी म्हणाल्या, "माणूस एका ठिकाणी कर्मठ असला, की दुसरीकडे त्याला मोकळं व्हावंच लागतं."

"पण गाणं समोर बसूनच ऐकावं," कार्बाइड आजोबा सावरत म्हणाले. "टेपवर काय मजा?"

"मग सवाईच्या शेवटी सवाई गंधर्वांची भैरवी ऐकायला का थांबता? ती तर ध्वनिमुद्रिकाच असते!" डायनामो आजोबांनी बरोबर पकडलं आणि सगळे खो-खो हसले.

मी मात्र हसले नाही. भैरवीचं नाव निघालं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तेवढ्यात कार्बाइड आजोबांचं लक्ष माझ्या सायकलीकडे गेलं. "छान ठेवलीस गं. पण मागचं चाक साधं कसं? हँडलवर गिअरची कळ आहे, मग हब कुठं गेला?"

या प्रश्नाचं उत्तर मला वीस वर्षं पाठ होतं. 'मिस्त्रींनी दुरुस्तीला घेतला आणि हरवला.' तोंडातून तेच निघणार होतं. पण समोर काळवंडलेल्या हातांचे दोन म्हातारे मिस्त्रीही चहा पीत बसले होते. त्यांच्यासमोर ते मला बोलवेना.

"मी विकला," मी म्हणाले.

ऐका तर. 2004 साली मी नववीत होते. वर्गातल्या मुलींकडे गुलाबी-जांभळ्या लेडीज सायकली होत्या आणि मी मात्र मधे दांडी असलेल्या आजोबांच्या धुडावर शाळेत जायची. मुलं 'पोस्टमन, पोस्टमन' म्हणून चिडवायची. एकदा मागच्या चाकाला आउट आला. आजोबांनी चाक काढून माझ्या हातात दिलं, "मिस्त्रींकडे टाक शाळेत जाताना." मिस्त्री म्हणजे आजोबांचे तीस वर्षांचे दोस्त. वाटेत भंगारचं दुकान होतं. मला वाटलं, चाकच नसलं तर ही सायकल मोडीत निघेल आणि मला नवी मिळेल. भंगारवाल्याने चाक काट्यावर टाकलं. हब चांगला जड, सगळा पोलादाचा. 80 रुपये मिळाले.

चार दिवसांनी आजोबा चाक आणायला गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. "मिस्त्री म्हणतायत, चाक त्यांच्याकडे आलंच नाही. तू नक्की त्यांच्याकडेच दिलंस ना?"

"हो," मी म्हणाले.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं." एवढंच. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. त्यानंतर ते मिस्त्रींच्या दुकानात कधी गेले नाहीत.

नवी सायकल मला मिळाली नाहीच. आजोबांनी दुसरीकडून साधं चाक बसवून आणलं. पण पुण्याहून भूगावला यायचं तर चांदणी चौकाचा चढ लागतो. पहिल्या गिअरवर तो चढ आजोबा बसल्या बसल्या चढायचे. आता गिअर नव्हता, आणि वय 72. रात्री एकट्याने सायकल ढकलत यायची नाही, असं आजीने बजावलं. त्या डिसेंबरमध्ये आजोबा सवाईला बसने गेले. शेवटची बस गाठायची म्हणून शेवटचा कलाकार गायला बसायच्या आधीच उठले. अखेरच्या दिवशीची भैरवीसुद्धा चुकली. 1961 पासून कधी न चुकलेली. घरी आल्यावर ते काहीच बोलले नाहीत. नुसते अंगणात सायकलीच्या सीटवर हात ठेवून उभे राहिले. मी खिडकीतून बघत होते. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. आजोबा 2011 साली गेले.

वडाखाली कुणीच काही बोललं नाही. मग कार्बाइड आजोबा उठले आणि सायकलीच्या पिशवीतून एक हब काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवला. स्टर्मी-आर्चर, ए डब्ल्यू. वर बारीक आकडे कोरलेले, 58. म्हणजे 1958 सालचा. "तुझी सायकल याहून जुनी आहे. साल जुळत नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "पण बसव. पैसे मात्र घेणार बरं का." डायनामो आजोबा पहिल्यांदाच गालातल्या गालात हसले.

तो हब घेऊन मी कुणाकडे गेले, ओळखलंत ना? मिस्त्री आता ऐंशीच्या पुढे आहेत. दुकान मुलगा बघतो, पण चाक बांधायचं असलं की अजून तेच स्टूल ओढून बसतात. मी शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. बोलताना माझी नजर वर होईना. गेली बारा वर्षं मी शाळेत मुलांना 'खरं बोला' असं शिकवते आहे, आणि हे एक खरं बोलायला मला वीस वर्षं लागली.

मिस्त्रींनी ऐकून घेतलं. हब उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "भोकं मोज."

मी मोजली. 40.

"आपल्याकडच्या रिमलासुद्धा मागे 40 आणि पुढे 32. बसतंय." आणि ते एकेक स्पोक ओवायला लागले. बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी चाक फिरवून आउट बघता बघता म्हणाले, "पोरी, तू आलीस ते बरं केलंस. पण तुझे आजोबा माझ्या दुकानात चहा प्यायला पुन्हा आले नाहीत, ते काही आता भरून येत नाही."

मला वाटलं होतं, खरं सांगितलं की मिस्त्री म्हणतील, 'जाऊ दे, लहान होतीस.' ते तसं म्हणाले नाहीत, आणि त्यांनी म्हणायला पाहिजे असंही नाही. उशिरा सांगितलेल्या खऱ्याला तेवढी किंमत मोजावी लागते, मित्रांनो. तुमच्या पोटात असं काही अडकलं असेल, तर माझ्यासारखी वीस वर्षं थांबू नका. ज्याला सांगायचं तो माणूस असतो तोवर सांगून टाका.

त्या संध्याकाळी मी सायकलवरूनच भूगावला निघाले. चांदणी चौकात आता केवढे पूल आणि रस्ते झालेत, पण चढ तोच आहे. मी कळ दाबून पहिला गिअर टाकला. पहिल्या गिअरमध्ये हा हब अगदी गप्प असतो, हे मला माहीतच नव्हतं. धापा टाकत, पण न उतरता मी वर पोहोचले. वर आल्यावर दुसरा गिअर टाकला.

टिक्, टिक्, टिक्, टिक्.

अंगणात आले तेव्हा दार उघडून आजी बाहेर उभी होती. तिला आता कमी ऐकू येतं. तरी आली होती.