सुटींतील दोन दिवस

उन्हाळ्याची सुटी लागली कीं घरोघरीं एकच प्रश्न उभा राहतो : यंदां जावयाचें कोठें? परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मुलें घरीं येतात, दप्तर कोपऱ्यांत पडतें, आणि त्याच सायंकाळीं ही परिषद भरते. आमच्या घरीं थोरला चिरंजीव व धाकटी कन्यका यांचें इतर कोणत्याही बाबतींत एकमत होत नाहीं. परंतु या एका प्रश्नावर दोघेंही एका सुरांत उत्तर देतात, "वॉटर पार्क!"

आम्ही सफाळ्याचे राहणारे. पूर्वेस तांदुळवाडीचा किल्ला माथ्यावर घेऊन डोंगर उभा आहे. पश्चिमेस भाजीचे मळे, खाजणें व नारळीच्या वाड्या ओलांडल्या कीं एडवण, केळवें या गांवांचा समुद्र लागतो. मुंबईचीं माणसें वैतरणेची खाडी ओलांडून हा समुद्र पाहण्यास येतात, आणि ज्यांच्या दारापासून तो घटकेच्या वाटेवर आहे तीं आमचीं मुलें सिमेंटच्या हौदांतील लाटांसाठीं हट्ट धरितात! हा विरोध पाहून आम्हांला प्रथम हंसूं येई. पुढें दोन उन्हाळ्यांतील दोन दिवसांनीं आम्हांला जें शिकविलें, त्यानंतर तें हंसूं ओसरलें. ती हकीगत विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या क्रीडोद्यानांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण त्यांचा उगम मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेंतील वॉल्ट डिस्ने हे आपल्या दोन लहान मुलींना लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कमध्यें नेत असत. मुली फिरत्या घोड्यांवर बसत, आणि वडील बाकावर बसून शेंगदाणे खात त्यांची वाट पाहत. आईबाप व मुलें यांना एकत्र आनंद घेतां येईल असें एखादें स्थान असावें, हा विचार त्या बाकावर आपल्या मनांत आला असें त्यांनीं पुढें सांगितलें. त्या विचाराचें फळ म्हणजे १७ जुलै १९५५ रोजीं कॅलिफोर्नियांतील अनाहाइम येथें उघडलेलें डिस्नेलँड. आपल्याकडे १९८९ सालीं मुंबईजवळ गोराई येथें एस्सेल वर्ल्ड निघालें, १९९८ मध्यें त्याच्या शेजारीं वॉटर किंगडम आलें, आणि २०१३ मध्यें खोपोलीजवळ इमॅजिका सुरू झालें. एस्सेल वर्ल्डचे पाळणे आतां थांबले आहेत. परंतु ज्यांनीं बालपणीं शाळेच्या सहलींत ते पाहिले, त्यांच्या आठवणींत ते अद्याप फिरत आहेत. सारांश, बापानें बाकावर बसून राहूं नये, यासाठीं हीं उद्यानें जन्मास आलीं. आम्ही मात्र तेथें जाऊन पुन्हां बाकावरच बसलों!

त्या वर्षीं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत आम्ही अशाच एका जलोद्यानांत गेलों. आजीला घरींच ठेविलें. तिकिटाचे पैसे भरून ती तेथें करणार काय, असा आमचा हिशेब होता. दारावर हातास कागदी पट्टे बांधले गेले, आणि मुलांना जणूं स्वर्गाचें द्वार उघडलें. घसरगुंड्या, कारंजीं, फिरते तराफे यांचें वर्णन करण्याचें कारण नाहीं. तें बहुतेक विद्यार्थ्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. सर्वांत मोठी गर्दी होती ती लाटांच्या हौदाभोंवतीं. ठराविक वेळीं भोंगा वाजे, यंत्र सुरू होई आणि सपाट पाण्यावर एकामागून एक लाटा उठत. कांहीं मिनिटांनीं पुन्हां सर्व शांत. कांठावर उंच खुर्चीवर शिटी घेतलेला रक्षक बसलेला असे. त्याला पाहून आमच्या जिवाला मोठा विसांवा वाटला, आणि येथेंच आमची चूक झाली.

धाकटी तेव्हां पांच वर्षांची होती. तिला हौदाच्या उथळ कडेला, एका रंगीत छत्रीखालीं बसवून आम्हीं बजाविलें, "येथून हलावयाचें नाहीं." मग आम्ही थोरल्याची उडी मोबाईलमध्यें टिपण्यासाठीं थोडे पुढें सरकलों. एक उडी नीट आली नाहीं म्हणून दुसरी, दुसरींत मध्येंच कोणी आलें म्हणून तिसरी. मुलांच्या मातोश्रींना वाटलें कीं मुलगी आमच्याजवळ आहे. आम्हांला वाटलें कीं ती मातोश्रींजवळ आहे. भोंगा वाजला, लाटा उठल्या, गर्दी हौदांत धांवली, आणि आम्हीं मागें वळून पाहिलें तों छत्र्या पुष्कळ होत्या, सर्व एकाच रंगाच्या होत्या, आणि त्यांपैकीं आमची कोणती हें आम्हांला ओळखूं येईना!

पुढील पाव तास कसा गेला हें सांगणें कठीण आहे. शेंकडों मुलें, सर्वांच्या अंगावर सारखेच पोहण्याचे पोशाख, सर्वांचा एकच गलका. तिचें नांव घेऊन मारलेली हांक संगीताच्या आवाजांत बुडून जाई. हौदांतील पाणी मघांपर्यंत निळें व सुंदर दिसत होतें. आतां तिकडे पाहण्याचा धीर होईना. मातोश्री एका बाजूनें, आम्ही दुसऱ्या बाजूनें धांवत होतों, आणि थोरला मध्येंच रडवेला होऊन उभा होता. परमेश्वराचें नांव इतक्या कळकळीनें आम्हीं त्यापूर्वीं क्वचितच घेतलें असेल.

अखेर मुलगी सांपडली. ती त्याच छत्रीखालीं, त्याच जागेवर बसली होती. तिच्या शेजारीं केरसुणी आडवी ठेवून तेथील एक झाडूवाली बाई बसली होती आणि तिला गोष्ट सांगत होती. एकटी लेंकरूं पाहून, आईबाप येईपर्यंत हलावयाचें नाहीं असें ठरवून ती माउली काम टाकून बसली होती. तिचें स्वतःचें घर जव्हारकडे. तिचीं दोन मुलें तेथें आपल्या आजीजवळ होतीं आणि सुटी असूनही तिला त्यांच्याकडे जातां आलें नव्हतें, इतकें तिच्या बोलण्यांतून कळलें. आम्ही तिला कांहीं देऊं लागलों तें तिनें घेतलें नाहीं. इतक्यांत तिला कोणीं तरी हांक मारली व ती केरसुणी उचलून गेली. तिचें नांव विचारण्याचेंसुद्धां आम्हांला सुचलें नाहीं, याची रुखरुख अद्याप मनांत आहे.

घरीं परततांना गाडींत आम्ही मुलीला म्हणालों, "बाळ, आज तूं हरवली होतीस बरें!" तिनें आमच्याकडे आश्चर्यानें पाहिलें आणि उत्तर दिलें, "मी नाहीं हरवलें, बाबा. मी तिथेंच होतें. तुम्हीच हरवलां होतां."

या उत्तरावर बोलण्यासारखें आमच्यापाशीं कांहीं नव्हतें. त्या दिवशींच्या उड्यांचीं चित्रें फार सुंदर आलीं होतीं. तीं पाहण्याचें धैर्य आम्हांला पुष्कळ दिवस झालें नाहीं.

पुढील वर्षीं पुन्हां परिषद भरली. यावेळीं आम्हीं केळव्याचें नांव काढलें. "समुद्र तर रोजचाच आहे!" असें म्हणून थोरल्यानें नाक मुरडलें. वास्तविक पाहतां तो 'रोजचा' समुद्र त्यानें उभ्या आयुष्यांत चार वेळांहून अधिक पाहिला नव्हता. अखेर मे महिन्यांतील शुद्ध दशमीच्या दिवशीं, दुपारचें जेवण लवकर उरकून आम्ही निघालों. यावेळीं आजीही बरोबर होती. सफाळ्याहून पुढचेंच स्थानक केळवें रोड. तेथून रिक्शानें पानमळ्यांच्या व वाड्यांच्या सांवलींतून गांवांत आलों. शीतलादेवीचें दर्शन घेतलें. पोर्तुगीजांच्या अमलांतील कोट मुलांना दाखविला, व १७३९ सालीं चिमाजी अप्पांच्या मोहिमेंत हा मुलूख मराठ्यांच्या हातीं आला, हें सांगितलें. मग सुरूच्या बनांतून पुळणीवर पाऊल टाकलें तों समुद्र जागेवर नव्हता! पाणी दूर, पार दूर गेलें होतें आणि मैदानासारखी ओली वाळू पसरली होती.

बनाच्या कडेला एक वृद्ध कोळी गृहस्थ जाळें दुरुस्त करीत बसले होते. मुलांनीं त्यांना विचारलें, "आजोबा, समुद्र कोठें गेला?" ते हंसून म्हणाले, "येईल. आज तिथी कोणती?" थोरल्याला तिथी ठाऊक नव्हती, आजीनें सांगितली, दशमी. "मग दहाची पाऊणपट किती?" थोरला बोटें मोजूं लागला. आजीनें लहानपणीं पाऊणकी पाठ केलेली, ती तत्काळ म्हणाली, "दहा पाऊण साडेसात." "बस्स, साडेसातला पुरी भरती," म्हातारबाबा म्हणाले.

त्यांनीं मुलांना जें समजाविलें तें येथें थोडक्यांत देतों. कारण किनाऱ्याजवळ राहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला तें ठाऊक असावें. भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आकर्षणानें होते. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां येतो, म्हणून भरतीही तितकीच मागें पडते. आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेस व अमावास्येस पुरी भरती बाराच्या सुमारास असते ; त्यानंतर तिथीच्या अंकास पाऊणनें गुणिलें कीं त्या दिवसाच्या भरतीची वेळ अदमासानें निघते. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा. दिवसांतून दोन भरत्या व दोन ओहोट्या होतात, आणि भरतीनंतर सुमारें सवासहा तासांनीं पुरी ओहोटी होते. पौर्णिमा-अमावास्येस सूर्य व चंद्र एका रेषेंत येऊन ओढतात, म्हणून पाणी फार चढतें व फार उतरतें ; तें उधाण. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, तो भांग. हा सर्व व्यवहार कोणत्याही भोंग्यावांचून चालतो!

मुलें ओल्या वाळूंतून पाण्याच्या शोधांत निघालीं व आम्ही त्यांच्यामागें. शिंपले वेंचीत, खेंकड्यांचीं बिळें पाहत, वाळूच्या एका लांबट उंचवट्यावर येऊन पोहोंचलों. तेथें किल्ला बांधण्यांत तास-दोन तास कसे गेले हें कळलें नाहीं. यावेळीं मोबाईल आजीच्या पिशवींत होता. साडेचारच्या सुमारास थोरला एकाएकीं उठून म्हणाला, "बाबा, साडेसातला तीनच तास उरले. निम्मी भरती झाली असेल. माघारीं चला." आम्ही म्हणालों, "पाणी तर अजून समोर आहे. किल्ल्याचा बुरूज पुरा होऊं दे." त्यानें कांहीं न बोलतां मागें बोट दाखविलें. येतांना जो खोलगट भाग कोरडा ओलांडला होता, त्यांत पाणी शिरलें होतें. समुद्र समोरून येतो अशी आमची समजूत. तो पाठीमागून आला होता.

धाकटीला खांद्यावर घेतलें, थोरल्याचा हात घट्ट धरला, आजीला मातोश्रींनीं आधार दिला. पाणी गुडघ्याएवढें होतें, पण त्याला ओढ होती, आणि पायांखालची वाळू सरकत होती. फार तर चाळीस पावलांची ती वाट. परंतु तीं चाळीस पावलें आम्हीं मनांत मोजलीं आहेत. सुरूच्या बनापाशीं पोहोंचलों तेव्हां म्हातारबाबा उठून उभे होते. ते आमच्यावर रागावले नाहींत. एवढेंच म्हणाले, "आज भांग आहे, साहेब. उधाण असतें तर गळ्याशीं आलें असतें. पोरानें हिशेब धरला, बरें केलें." सायंकाळीं पुरी भरती झाली तेव्हां आमचा किल्ला जेथें होता तेथें नुसतें पाणी होतें. धाकटी बराच वेळ त्या दिशेला पाहत, आमचें बोट धरून उभी राहिली.

हे दोन दिवस एकापुढें एक ठेवून आम्हीं पुष्कळ विचार केला. क्रीडोद्यान वाईट व समुद्र चांगला असा निर्णय आम्ही देत नाहीं. समुद्रानेंही आमच्यावर दया केली असें म्हणतां येणार नाहीं. उद्यानांत लाटा मोजून सोडतात, रक्षक ठेवितात, आणि तें योग्यच आहे. परंतु आपल्या वतीनें पाहणारा दुसरा कोणी आहे असें वाटलें कीं आपण पाहणें सोडून देतों. किनाऱ्यावर तर आम्हीं पाहिलें, पण जिकडे पाहावयास हवें होतें तिकडे नव्हे. दोन्ही वेळां आमची उणीव दुसऱ्यानें भरून काढिली : एकदां एका अनोळखी माउलीनें, दुसऱ्यांदां बारा वर्षांच्या मुलानें, म्हाताऱ्याच्या ज्ञानानें व आजीच्या पाऊणकीनें. जिला निरुपयोगी समजून आम्हीं एके वर्षीं घरीं ठेविलें, तिच्याच पाठांतराचा दुसऱ्या वर्षीं उपयोग झाला!

म्हणून पालकांना आमची विनंति आहे कीं सुटीस कोठेंही जा, पण मुलांवर कोणाची नजर आहे हें स्पष्ट शब्दांत ठरवा. 'ती पाहत असेल', 'ते पाहत असतील', या दोन वाक्यांच्या मधल्या फटींत मूल हरवतें. विद्यार्थ्यांना एवढेंच सांगणें कीं पाण्यांत उतरण्यापूर्वीं तिथी पाहा, पाऊणपट करा, आणि तेथील कोळ्यांना विचारा. पाऊस जवळ आला कीं समुद्राचा स्वभाव पालटतो, तेव्हां त्याला लांबूनच नमस्कार करा. आणि वडील माणसें ऐकत नसतील, तर आमच्या थोरल्याप्रमाणें निर्भयपणें बोट दाखवा.

यंदांची सुटी जवळ आली आहे. धाकटीला आम्हीं विचारलें, कोठें जावयाचें? ती म्हणाली, "कुठेंही. पण तुम्ही हरवूं नका." तसें वचन आम्हीं तिला दिलें आहे, तें पाळण्याची बुद्धि परमेश्वर आम्हांला देवो.